अनामिकेला हात लावला की मधलं बोट ओ देतं

दीड वर्षापूर्वी भांडी घासताना काचेचा ग्लास हातातच फुटला आणि डाव्या तळहातात, मधलं बोट आणि अनामिका जिथून सुरू होतात त्याच्या जरा खाली, काच आत गेली. रक्त काही फार आलं नाही, म्हणून पट्टी गुंडाळली आणि कामाला लागले. तासाभराने लक्षात आलं की त्या दोन बोटांच्या एकमेकांकडे तोंड केलेल्या कडा गायब आहेत. म्हणजे दिसतायत, बोटं हलतायत, पण कडा आहेत असं आतून वाटतच नाही, दुसऱ्या कुणाचीतरी बोटं माझ्या हाताला लावल्यासारखी.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. तळहातातून एक नर्व्ह वर येते आणि बोटांच्या बेचक्याशी तिला दोन फाटे फुटतात, एक मधल्या बोटाच्या कडेला जातो आणि दुसरा अनामिकेच्या कडेला. माझी तुटली होती ती फाटा फुटायच्या आधीच. मग मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक दोऱ्याने शिवली, आणि दुसऱ्या दिवशी मी "आता कधी कळायला लागेल?" विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं ते डोक्यात पक्कं बसलं. म्हणाले, "आम्ही फक्त बाहेरचा पाइप जोडलाय हो. आतल्या तारा तुमच्या तुम्हालाच वाढवायच्यात. दिवसाला साधारण एक मिलिमीटर धरा."

घरी येऊन पट्टीने मोजलं, टाक्यांपासून बोटाच्या टोकापर्यंत ९ सेंटिमीटर. तीन महिने, आणि सुरुवातीला तंतू नुसते बसून राहतात ते दिवस वेगळे.

(नस हा शब्द मी मुद्दाम टाळतेय. मराठीत नस म्हटलं की रक्ताची का संवेदनेची तेच कळत नाही, आणि चेतातंतू हा शब्द शाळेतून बाहेर पडल्यावर कुणी तोंडातून काढल्याचं मी ऐकलेलं नाही. नुसतं तंतू म्हणते.)

तंतू कुठवर आलेत ते बघायची एक गंमतशीर पद्धत आहे. बोटाने टिचक्या मारत मारत वर जायचं, जिथे तंतूंची कोवळी टोकं पोचलेली असतील तिथे टिचकी मारली की पुढे बोटात झणकन मुंग्या येतात. ही खूण १९१५ साली दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे लिहून ठेवली, पॉल हॉफमन जर्मन आणि ज्यूल्स टिनेल फ्रेंच, म्हणजे पहिल्या महायुद्धात समोरासमोरच्या बाजूंना असलेले दोघं, आपापल्या जखमी सैनिकांचे हात-पाय ठोकून बघत होते. मी रोज रात्री दिवा घालवायच्या आधी ठोकून बघायचे. मुंग्यांची जागा आठवड्याला साधारण नखाच्या निम्म्याने पुढे सरकायची. आणि असं ठोकता ठोकताच प्रश्न पडला की त्या टोकाशी नेमकं आहे तरी काय, आणि कुठे जायचं ते त्याला कोण सांगतं?

उत्तर शोधायला गेले आणि पोचले गर्भात. कारण मोठ्या माणसाच्या हातातला तंतू बऱ्यापैकी आयत्या वाटेने जातो, जुना तंतू मेला तरी त्याच्या भोवतीचं वेष्टण, त्या बारीक नळ्या, शिल्लक राहतात आणि नवा तंतू त्यातल्या एखादीत शिरून सरळ चालत सुटतो. पण पहिल्यांदा, म्हणजे आपण आईच्या पोटात असताना, नळ्याही नव्हत्या. पाठीच्या कण्यातल्या एका पेशीला बोटाचं टोक गाठायचं होतं, डोळ्यातल्या पेशीला मेंदूतली एक विशिष्ट जागा, आणि मध्ये सगळी नुसती घडत असलेली, हलणारी, वाढणारी पेशींची गर्दी.

तंतूच्या टोकाला एक चपटा पंजा असतो, ग्रोथ कोन म्हणतात त्याला. पंजातून बारीक बोटं सतत बाहेर येतात, चाचपतात, आत जातात, पुन्हा दुसऱ्या बाजूने बाहेर येतात. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहालने तो १८९०मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या मेरुरज्जूत पहिल्यांदा ओळखला, आणि दरवाजे फोडायला सैनिक जो ओंडका आपटतात त्याची उपमा दिली, फक्त हा ओंडका जिवंत, मऊ, लवचीक. गंमत अशी की त्याने बघितलेला सगळा माल मेलेला होता, रंग चढवलेला, काचेवर थिजलेला. त्यातून त्याने हालचाल ओळखली! फोटोतला माणूस बघून तो कुठे निघाला होता ते सांगावं तसं. प्रत्यक्ष हालताना दिसायला १९०७ उजाडलं, रॉस हॅरिसनने बेडकाच्या गर्भातला एक तुकडा लसिकेच्या थेंबात टांगून ठेवला आणि तंतू डोळ्यांदेखत वाढताना बघितला. काहालने आणखी एक अंदाज केला होता, की हा पंजा वासाच्या मागावर जावं तसा कुठल्यातरी रसायनाच्या मागावर जात असणार. हे रसायन हातात यायला मात्र शंभरेक वर्षं लागली.

मधल्या काळात अगदी उलट मत जोरात होतं. तंतू कुठेही जाऊन चिकटतात, मग वापरातून, सवयीतून योग्य जोडण्या टिकतात असं. ऐकायला किती बरं वाटतं ना, शिकलं की सगळं जमतं. रॉजर स्पेरीने १९४०च्या दशकात न्यूट (बेडकाचा शेपटीवाला नातलग) आणि बेडकांवर जे प्रयोग केले त्यात या मताचं काही उरलं नाही. त्याने डोळ्याचा तंतूंचा जुडगा तोडला आणि डोळा खोबणीत १८० अंशात फिरवून ठेवला. या प्राण्यांमध्ये डोळ्याचे तंतू पुन्हा वाढतात, तसे वाढले. मग समोर वरच्या बाजूला भक्ष्य धरलं तर प्राणी खाली झेप घ्यायचा, उजवीकडे धरलं तर डावीकडे. आणि कितीही दिवस गेले तरी सुधारायचा नाही. म्हणजे तंतू आपापल्या जुन्याच पत्त्यावर गेले होते, त्याने प्राण्याचा फायदा होतो का तोटा याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. हे वाचून मला त्या बेडकाची फार दया आली होती, आणि ती का आली ते पुढे येईलच.

स्पेरीने १९६३मध्ये सगळं नीट मांडलं, की तंतूंवर आणि त्यांच्या ठिकाणांवर रासायनिक खुणा असणार. नोबेल त्याला १९८१मध्ये मिळालं ते मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या कामासाठी. हे बेडूक तसेच राहिले.

आता माझ्या आवडीचा भाग. १९९४मध्ये मार्क टेसिए-लाविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भांच्या हजारो मेंदूंमधून गाळून गाळून एक प्रोटीन वेगळं काढलं, जे मेरुरज्जूतल्या तंतूंना आपल्याकडे खेचतं. नाव काय ठेवावं? नेट्रिन. संस्कृतातल्या नेतृ वरून, वाट दाखवणारा. ज्या 'नी' धातूपासून आपला नेता आला, नेत्र आला, त्याच घरातलं हे प्रोटीन. इतक्या इंग्रजी-लॅटिन नावांच्या गर्दीत हे वाचल्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. (कोंबड्यांचं मात्र वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.)

पण मी जसजशी पुढे वाचत गेले तसतसं वाटायला लागलं की नाव चुकलंय. नेता हा शब्दच इथे बसत नाही. कारण तेच नेट्रिन काही तंतूंना खेचतं आणि काहींना लांब ढकलतं. खरं तर हे कोंबडीच्या आधीच एका मिलिमीटरभर लांब गोलकृमीत दिसलं होतं, त्यात असेच काही जीन बिघडले की किडा वेडावाकडा सरपटतो, म्हणून त्यांची नावं अन्क-५, अन्क-६, अन्क-४० (अनकोऑर्डिनेटेड, म्हणजे ताळमेळ नसलेला, यावरून). त्यातला अन्क-६ म्हणजे किड्याचं नेट्रिन, आणि बाकीचे दोन त्याचे रिसेप्टर, म्हणजे तंतूच्या त्वचेवर बसून बाहेरचं रसायन ओळखणारी प्रोटीन्स. पंजावर फक्त अन्क-४०च्या जातीचा रिसेप्टर असेल तर नेट्रिन म्हणजे "ये". सोबत अन्क-५ही असेल तर तेच नेट्रिन म्हणजे "चालता हो". बाहेर काहीही बदललेलं नाही. हाक तीच.

रिसेप्टर आत काय करतो ते ढोबळपणे सांगायचं तर, पंजाच्या बोटांमध्ये ॲक्टिन नावाच्या प्रोटीनचे धागे असतात, पुढच्या टोकाला ते जोडले जात असतात आणि मागे सुटत असतात, सरकत्या जिन्यासारखं. रिसेप्टरला बाहेरून रसायन चिकटलं की आत रॅक, रो नावाच्या प्रोटीन्सची बटणं चालू-बंद होतात, ज्या बाजूला जोडणी वाढते ती बाजू पुढे सरते, ज्या बाजूला धागे आवळले जातात ती मागे येते आणि पंजा वळतो. आणि हा निर्णय तिथल्या तिथे होतो, लांबवरच्या मूळ पेशीला विचारून नाही. १९८७मध्ये टॅडपोलच्या मेंदूत डोळ्याकडून येणारे तंतू मागून कापून टाकले तरी पुढचे तुकडे काही तास आपल्या वाटेने बरोबर जात राहिले. डोकं उडालंय आणि पाय घराकडे चाललेत, असलं काहीतरी.

एक प्रयोग तर मी दोनदा वाचला कारण विश्वास बसेना. १९९९, फळमाशी. माशीत नेट्रिनचा "ये" वाला रिसेप्टर आहे फ्रॅझल्ड नावाचा, आणि स्लिट नावाचं एक ढकलणारं रसायन आहे, त्याचा रिसेप्टर रोबो. ग्रेग बाशॉ आणि कोरी गुडमन यांनी दोन्ही रिसेप्टर मधोमध कापून अदलाबदल केले, एकाचं बाहेरचं तोंड आणि दुसऱ्याची आतली शेपटी. बाहेरून फ्रॅझल्ड आतून रोबो असलेला तंतू नेट्रिनपासून पळायला लागला, आणि बाहेरून रोबो आतून फ्रॅझल्ड असलेला, ज्या स्लिटपासून एरवी लांब राहायचा त्याच्याकडे ओढला गेला. म्हणजे तोंडाला फक्त कोण आलंय ते कळतं. त्याचं करायचं काय, ते शेपटी ठरवते.

त्याच्याही दोन वर्षं आधी मू-मिंग पू यांच्या लॅबमध्ये तर रिसेप्टरही बदलावा लागला नव्हता. बेडकाच्या तंतूच्या आत सायक्लिक एएमपी या छोट्या रेणूचं काम दाबलं, आणि नेट्रिनकडे वळणारा पंजा नेट्रिनपासून वळला. आतली नुसती पातळी बदलली, मूडच म्हणा ना. मला माहितीये की मूड म्हणणं शास्त्रीय नाही, पण मला दुसरा शब्द सापडत नाही आणि सकाळी ज्याच्या फोनने बरं वाटतं त्याच्याच फोनने रात्री अंगावर काटा येतो हे मला चांगलं ठाऊक आहे.

हे सगळं एकत्र कामाला कसं लागतं ते मेरुरज्जूच्या मधल्या रेषेवर बघावं. आपलं शरीर डावं-उजवं असं दोन भागांत आहे आणि दोन्ही बाजूंचा मेळ बसायचा तर काही तंतूंनी रेषा ओलांडून पलीकडे जायलाच हवं, आणि एकदाच जायला हवं. रेषेजवळच्या पेशी नेट्रिन सोडतात, तंतू ओढला जातो. पण त्याच पेशी स्लिटही सोडतात, ढकलणारं. मग तंतू जवळ येतोच कसा? तर येईपर्यंत तो स्लिटला बहिरा असतो. माशीत कॉमिशरलेस नावाचं प्रोटीन रोबोला पेशीच्या पृष्ठभागावर पोचूच देत नाही, आतल्या आत विल्हेवाटीला पाठवतं. रेषा ओलांडली की कॉमिशरलेस बंद, रोबो पृष्ठभागावर, आणि जिच्यासाठी इतका लांबून आला ती जागा आता त्याला नको नको होते. म्हणून तो पुढे निघून जातो आणि परत येत नाही.

माशीतले बिघाड बघितले की हे नीट कळतं. कॉमिशरलेस बिघडलं तर एकही तंतू रेषा ओलांडत नाही, रोबो कायम वर, सगळे अलीकडेच थबकलेले. रोबो बिघडला तर तंतू ओलांडतात, परत येतात, पुन्हा ओलांडतात, गोल गोल फिरत राहतात, म्हणून तर जीनचं पूर्ण नाव राउंडअबाउट, चौकातलं वाहतुकीचं सर्कल. आणि स्लिटच नसेल तर सगळे येऊन मधल्या रेषेवरच बसतात, कुठेच जात नाहीत. मला ही तिसरी अवस्था सगळ्यात भयंकर वाटते, का ते सांगता येणार नाही.

शिकवताना ही गोष्ट फार गुळगुळीत करून सांगतात हेही इथेच म्हणते. वीसेक वर्षं सगळीकडे चित्र एकच, की मेरुरज्जूच्या तळाशी असलेल्या पेशी नेट्रिन सोडतात आणि लांबवरचे तंतू त्याच्या वासाने खाली येतात. २०१७मध्ये दोन गटांनी उंदरांमध्ये फक्त त्या तळाच्या पेशींमधलं नेट्रिन काढून टाकलं, आणि तंतू बऱ्यापैकी येत राहिले. वाटेतल्याच पेशींनी कडेला पसरून ठेवलेलं नेट्रिन जास्त महत्त्वाचं निघालं, म्हणजे लांबून येणाऱ्या वासापेक्षा पायाखालची वाट. नंतरच्या कामात तळाच्या पेशींचाही थोडा हात आहे असं दिसलं. काहालचा वासाचा अंदाज खोटा ठरला असं नाही, पण पुस्तकातलं ते बाण काढलेलं देखणं चित्र आता तितकं देखणं राहिलेलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

आणि म्हणूनच "जीन्समध्ये मेंदूचा नकाशा लिहिलेला असतो" असं कुणी म्हणालं की मला चिडचिड होते. कुठे आहे नकाशा? डोळ्याचेच तंतू घ्या. मेंदूतल्या त्यांच्या ठिकाणी एफ्रिन नावाचं ढकलणारं रसायन एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्त असं चढत गेलेलं असतं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) एका कडेच्या तंतूंवर त्याचे रिसेप्टर पुष्कळ, ते लवकरच वैतागून थांबतात. दुसऱ्या कडेच्या तंतूंवर थोडे, ते बिनधास्त आतपर्यंत जातात. बस, लागली रांग. तरी एखाद्याला वाटेल की बरं, मग अमुक इतके रिसेप्टर म्हणजे अमुक पत्ता. तेही नाही! २०००मध्ये ग्रेग लेम्केच्या गटाने उंदराच्या डोळ्यात साधारण एकाआड एक पेशींवर जादा रिसेप्टर बसवले, तर मेंदूत एकाच डोळ्याचे दोन वेगळे नकाशे उमटले, जादावाल्यांचा एक आणि साध्यांचा एक. साध्या पेशींत काहीही बदल केला नव्हता, तरी त्यांची जागा सरकली, कारण शेजारी बदलले. नोकरी करणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

माणसांत हे बिघडतं तेव्हा काय होतं? रोबोच्याच कुळातला तिसरा जीन बिघडलेली माणसं आहेत, २००४मध्ये हे कळलं. जे तंतू रेषा ओलांडून जायला हवेत ते आपल्याच बाजूला राहतात, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवता येत नाहीत, बघायचं तर आख्खी मान वळवावी लागते, आणि पाठीचा कणा वाढत्या वयात वाकत जातो. आणि नेट्रिनच्या "ये" वाल्या रिसेप्टरचा, डीसीसीचा, बिघाड २०१०मध्ये काही कुटुंबांत सापडला, त्यांची एक मूठ आवळली की दुसरी आपोआप आवळते. आयुष्यभर.

हे वाचत होते तेव्हा सहा वर्षांचा भाचा समोर बसून अभ्यास करत होता. उजव्या हाताने जोर लावून अक्षर गिरवतोय आणि डावी बोटं मांडीवर तशीच हलकी हलकी वळवळतायत. माझ्या पोटात गोळाच आला. मग पुढे वाचलं की लहान मुलांत हे थोडंफार असतंच, मोठं होताना जातं. त्याला विचारलं, "डावा हात काय करतोय रे?" तर म्हणतो, "मावशी, तो पण शिकतोय."

आता माझ्या हाताचं. मुंग्या पोचल्या, साडेचार महिन्यांत टोकापर्यंत. आधी नुसतं गार-गरम, मग टोचलेलं कळायला लागलं, मग एक दिवस शर्टाचं बटण लावताना अनामिकेच्या कडेला कापड लागल्याचं जाणवलं आणि मी भर कामात थांबून ते पुन्हा पुन्हा लावत बसले. आणि मग लक्षात आलं की बटण अनामिकेला लागतंय पण कळतंय मधल्या बोटाला.

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. फाट्याच्या आधी कापली गेली होती ना, मग नव्या तंतूंना समोर जी नळी मिळाली त्यात ते शिरले, मधल्या बोटाकडे जाणारे काही अनामिकेकडे गेले. मेंदूला काय माहीत. त्याच्याकडे जुनीच नोंद, हा तंतू म्हणजे मधलं बोट. गर्भातल्या त्या चोखंदळ पंजाच्या मानाने माझे हे तंतू दार उघडं दिसलं की शिरणारे, आणि ते तरी काय करतील, त्यांना हाका मारणारं आता तिथे फारसं कुणी उरलेलं नाही.

म्हणजे मीही डोळा फिरवलेला बेडूकच. फरक एवढाच की माणसाचा मेंदू थोडं तरी ऐकतो म्हणतात, त्यासाठी व्यायाम असतो. डोळे मिटायचे, कुणीतरी बोटाला स्पर्श करायचा, कुठे लागलं ते सांगायचं, मग डोळे उघडून खरं काय ते बघायचं, पुन्हा मिटायचे. हे काम भाच्याने स्वतःकडे घेतलंय, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने करतो आणि वहीत मार्क लिहितो. आज दहापैकी सहा मिळाले.

"मधलं," मी म्हणाले शेवटच्या वेळी, अगदी खात्रीने.

"मावशी, डोळे उघड."

पेन्सिल अजून अनामिकेवरच होती.